इतिहासाचा डाग, कायद्याची कसोटी

पूर्वजांच्या वर्णद्वेषामुळे आजच्या पोलिसांवर संशय घ्यावा काय? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यापुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. तेथे २१ जून १९६४ रोजी नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तीन तरुणांची हत्या झाली. कटात डेप्युटी शेरीफच सामील होता. १९६७ साली संघराज्याच्या न्यायालयाने सात जणांना दोषी ठरविले. राज्याने मात्र हत्येचा पहिला खटला भरला तो २००५ साली! एडगर रे किलेन तेव्हा ८० वर्षांचा होता. त्याला शिक्षा झाली. डाग पुसला गेला म्हणावे, तर २०२३ साली तेथील सहा गोऱ्या पोलिसांनी दोन कृष्णवर्णीयांचा छळ केल्याची कबुली दिली. इतिहास हा कुणा एकाविरुद्धचा पुरावा नव्हे. परंतु संशयाला आधार निश्चितच आहे. तो उपदेशाने नव्हे, वेळेवर केलेल्या न्यायानेच दूर होतो.