पाण्याचा हिशेब आधी, साहेबांची दालने मागाहून!

अकोल्यासाठी काटेपूर्णा धरणावर महानला ६५ दशलक्ष लिटरचे एक आणि २५ दशलक्ष लिटरचे दुसरे, अशी दोन जलशुद्धीकरण केंद्रे आहेत. दोन्ही मिळून दिवसाला नऊ कोटी लिटर. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे केंद्राचे मानक सांगते. भागाकार शाळकरी पोरही करील : साडेसहा लाख माणसांना पुरेल एवढी ही क्षमता आहे. अकोल्याची लोकसंख्या २०११ साली सव्वाचार लाख होती, हद्दवाढीतली गावे धरून ती साडेपाच लाखांच्या घरात जाते. त्यानंतरची वाढ आणखी मिळवा, वाटेतली गळती वजा करा, तरी नळ रोज नाही तर एक दिवसाआड यायलाच हवा. मग शहरातल्या जठारपेठेतल्या बाईने चौथ्या-पाचव्या दिवसाची वाट का पाहायची? पाऊस रुसला त्या वर्षांचे आम्ही बोलत नाही. काटेपूर्णा तुडुंब भरून धरणाची दारे उघडावी लागतात त्या वर्षीही ड्रम, टाके, बादल्या भरून ठेवण्याची ही सक्ती कशासाठी? पाणी मुरते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर महापालिका देत नाही. तिला ते ठाऊक असून ती लपवते, असा आमचा आरोप नाही. आमचा आरोप त्याहून गंभीर आहे. तिला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही तिला वाटत नाही! ज्या शहराच्या पाणीखात्याला आपण किती पाणी घेतले, किती पोहोचवले आणि किती विकले हे तीन आकडे रोज संध्याकाळी एका कागदावर मांडता येत नाहीत, त्या शहरात पाणीखाते आहे असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

म्हणून आमची मागणी आहे : अकोल्याच्या जलप्रदाय विभागाला स्वतंत्र, प्रशस्त, नवे कार्यालय द्या. शहर वाढले, खाते वाढले पाहिजे, आणि वाढत्या खात्याला बसायला जागा पाहिजे. पण सरकारी इमारती ज्या रीतीने या राज्यात आखल्या जातात, त्याच रीतीने हेही कार्यालय आखले जाणार असेल, तर जनतेचा पैसा आम्हाला त्यात घालायचा नाही. ती रीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. सगळ्यात आधी साहेबांचे दालन, त्याला लागून अँटी-चेंबर, मग पदाधिकाऱ्यांची दालने, मग सभागृह, मग दर्शनी भागाला काचा. नागरिकाची खिडकी जिन्याखाली. आणि ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी असते तो व्हॉल्व्हमन, जो रात्री दोन वाजता खड्ड्यात उतरून फुटलेली लाइन जोडतो तो फिटर, यांच्यासाठी नकाशात एक खोलीही नाही! पाणी देणारी माणसे बाहेर आणि पाण्यावर सह्या करणारी आत, असा आराखडा जो वास्तुविशारद काढील आणि जो अभियंता मंजूर करील, त्या दोघांनी आधी एक उन्हाळा उमरीत टँकरमागे उभे राहून काढावा.

उमरीचे नाव आम्ही सहज घेतलेले नाही. २०१६ च्या हद्दवाढीने शिवणी, शिवर, मलकापूर, खडकी, उमरी, गुडधी अशी २४ गावे महापालिकेत ओढली गेली आणि २८ चौरस किलोमीटरचे शहर एका रात्रीत १२४ चौरस किलोमीटरचे झाले. चौपटीहून अधिक! ग्रामपंचायती गेल्या. नळाला पाणी नाही म्हणून सरपंचाच्या दारात जाऊन भांडायची सोय गेली. मालमत्ता कराचे मागणीपत्र मात्र पोहोचले. शहर चौपट करणाऱ्यांनी त्या दिवशी व्हॉल्व्हमन किती वाढवले? तक्रार घेणारे टेबल किती वाढवले? पाण्याचा नमुना तपासणारे हात किती वाढवले? हद्द वाढवणे म्हणजे जबाबदारी वाढवणे, हे ज्यांना समजले नाही त्यांनी हद्दीच्या रेषेला हात लावायलाच नको होता. पुढे मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे सभागृहात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. प्रशासकराज आले. २०२३ मध्ये तर करवसुलीचे कामच बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी कंपनीच्या हाती देण्यात आले. आपल्या घराचा जमाखर्च परक्याच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या कारभाऱ्याला वऱ्हाडात कोणी शहाणा म्हणत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. बंधनकारक! रोषणाई, स्वागतकमानी, सत्कार यांच्या पंगतीतले ते काम नव्हे.

आता कार्यालयात काय हवे ते सांगतो, कारण नुसते ओरडून थांबण्याचा आमचा विचार नाही. पहिली खोली नकाशाची. जुन्या वाहिन्या कुठून जातात, अमृत योजनेतल्या नव्या कुठे टाकल्या, जुनी लाइन बंद केली की दोन्ही चालूच राहिल्या, कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला, हे सगळे आज कुठे लिहिलेले आहे? ते जुन्याजाणत्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात आहे, आणि तो निवृत्त झाला की नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो. मग गळती शोधायला चार ठिकाणी रस्ता फोडायचा आणि पाचव्या ठिकाणी पाणी सापडायचे. कोट्यवधींच्या वाहिन्या जमिनीत पुरल्या जातात आणि त्या कुठे पुरल्या याचा अद्ययावत नकाशा ज्याला हवा त्याला पाहायला मिळत नाही, हा गलथानपणा नव्हे, हा जनतेच्या पैशाशी केलेला द्रोह आहे. हे आम्ही शब्द तोलून लिहितो आहोत.

दुसरी खोली मोजणीची. महानहून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर फ्लोमीटर, प्रत्येक जलकुंभाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाहिनीवर फ्लोमीटर, आणि त्यांचे आकडे एका पडद्यावर, चोवीस तास. एवढे झाले की पाणी वाटेत गेले की टाकीखाली गेले, हे दुसऱ्या दिवशी कळते. अवैध नळजोडण्या आणि टिल्लू पंप यांच्या नावाने दर उन्हाळ्यात मोहीम निघते आणि पहिल्या पावसात विरते. कारण कोणत्या टाकीखाली किती पाणी चोरीला जाते हे मोजलेलेच नसते. दुबळ्याचे कनेक्शन कापले जाते आणि वजनदाराच्या बंगल्यासमोरून पथक मान खाली घालून पुढे जाते.

आणि प्रयोगशाळा. ती तळमजल्यावर, काचेआड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावे, १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नसावा, असे भारतीय मानक सांगते. चार-पाच दिवस रिकाम्या पडलेल्या वाहिनीत दाब नसतो. नालीतले पाणी सांध्यांतून आत शिरते आणि नळ आला की पहिल्या बादलीत तेच येते. खंडित पुरवठा म्हणजे केवळ गैरसोय नव्हे, तो घराघरांत आजार पोहोचवण्याचा मार्ग आहे. बाईने बाटलीत पाणी भरून आणावे आणि तासाभरात क्लोरीनचा आकडा लेखी घेऊन जावे, हा तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

पाइप, कॉलर, व्हॉल्व्ह यांचे कोठार आणि दुरुस्तीची गाडी याच आवारात हवी. व्हॉल्व्हमन-फिटरांना रात्रपाळीची खोली, न्हाणीघर, कपाट. ४५ अंशांच्या उन्हात खड्ड्यात राबणाऱ्या माणसाला अंघोळीची सोय देणे ज्यांना चैन वाटते, त्यांच्या दालनातला एसी आधी काढा!

कोणी म्हणेल, कार्यालयाने पाणी वाढते काय? वाढते. कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहराकडे पाहा. यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेले ते शहर. १९९३ साली ‘एक सोन चान’ नावाच्या अभियंत्याने तिथल्या पाणीखात्याची सूत्रे घेतली तेव्हा १०० लिटरपैकी ७२ लिटरचा पैसा येत नव्हता. पाणी गळत होते किंवा चोरले जात होते. त्याने नवे धरण मागून सुरुवात केली नाही. त्याने कार्यालय साफ केले, घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर लावला. एका बड्या सेनाधिकाऱ्याने बंदूक रोखली, तरी त्याच्या दारात जाऊन मीटर बसवला. वाया जाणारे पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आले आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. २००६ साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशाचा दाखला नको असेल तर साताऱ्यातले कराडजवळचे मलकापूर घ्या. एवढ्याशा गावाने मीटर लावून चोवीस तास पाणी दिले. नॉम पेन्ह आणि मलकापूरला जे जमले ते आमच्या अधिकाऱ्यांना जमत नाही म्हणावे, तर शिक्षणात, पगारात, अधिकारात ते कुठे कमी आहेत? कमी आहे ती लाज.

आणि हे पाणी कुणाचे, याचाही विचार करा. याच काटेपूर्णेच्या पाण्यावर खांबोऱ्याच्या योजनेतली ६४ खेडी जगतात. शहराच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खोदली तर मीठ वर येते, मूत्रपिंडाचे रोगी घराघरांत आहेत. बाळापूर भागातल्या ६९ गावांची वान प्रकल्पावरची योजना स्थगितीत अडकली तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांना घेऊन, सोबत खारे पाणी नेत अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. वानचे पाणी अकोला शहराला देण्याच्या बेताला तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तो त्यांच्या पोटापाण्यासाठी केला. ज्या जिल्ह्यात एकेका घागरीसाठी गावे एकमेकांसमोर उभी राहतात, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहराने आपले नऊ कोटी लिटर कुठे गेले हे न सांगता दुसऱ्याच्या धरणाकडे बोट दाखवावे? आपल्या गळक्या वाहिन्या तशाच ठेवून तेल्हाऱ्याच्या संत्र्याचे पाणी मागण्याचा नैतिक अधिकार अकोला महापालिकेला नाही, नाही, त्रिवार नाही!

जागेविषयी आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे कार्यालय जठारपेठेत किंवा तिच्या अंगणाला लागून असावे. इथून एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला उमरी-गुडधीची नवी वस्ती. तहानलेला माणूस ऑटोचे भाडे न देता चालत येऊ शकेल अशी ही जागा आहे. शहराबाहेर मोठा भूखंड स्वस्तात मिळतो म्हणून कार्यालय हायवेच्या काठावर नेऊन टाकण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो तिथेच गाडावा. जलयोजनेचा आराखडा ३० वर्षांचा करतात, मग कार्यालयाचाही तितक्याच वर्षांचा करा. कोठाराला, प्रयोगशाळेला, तक्रार कक्षाला पुढे वाढायला जागा ठेवा. छतावरचे पाणी जमिनीत जिरवा. म्हाताऱ्या माणसासाठी उतार, बायकांसाठी बसायला सावली, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन ठेवा. हा फोन आज लावून पाहा, उद्या लावून पाहा, असे आता पुरे.

निविदा काढण्यापूर्वी मात्र एक काम करा, त्याला इमारत लागत नाही. महानहून काल किती पाणी निघाले, टाक्यांत किती आले, आणि किती पाण्याचे देयक झाले, हे तीन आकडे जठारपेठ चौकात फलकावर रोज सकाळी लिहा. येत्या उन्हाळ्याच्या आत. तो फलक लागत नाही तोवर नव्या कार्यालयाच्या पायाभरणीला अकोल्यातल्या एकाही नागरिकाने हजर राहू नये, आणि जो लोकप्रतिनिधी त्या पायाभरणीला कुदळ मारायला जाईल त्याचे नाव जठारपेठेने लक्षात ठेवावे.