बारीक म्हणजे उपाशी नव्हे



मागच्या पालक सभेला आमचा राजा आजीच्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत आला. राजा कारवानी जातीचा कुत्रा आहे. त्याला बघून कोणीतरी म्हणाले, "ह्याला खायला घालत न्हाईत वाटतं!" सगळे हसले. आजी काही बोलली नाही. पण त्या रात्रीपासून ती आपली अर्धी भाकरी त्याला जास्तीची घालू लागली. म्हणून मी माझे मत मांडत आहे.

कारवानी कुत्रा असतोच असा. तोंड लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, शेपटी बारीक. नर सुमारे सव्वादोन फूट उंच भरतो. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने सावज हेरतो आणि पळून गाठतो. खोल छातीत काळीज व फुप्फुसांना भरपूर जागा मिळते. पळताना त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते. त्याच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच. पैलवानाचे अंग वेगळे, पळणाऱ्याचे वेगळे.

खरा उपाशी कुत्रा ओळखता येतो. त्याच्या सगळ्या बरगड्या आणि पाठीचे मणके मोजता येतात, केस निस्तेज होतात, तो मलूल पडून राहतो. आमच्या राजाचे केस कसे चमकतात ते बघा.

आजीच्या जास्तीच्या भाकरीने महिन्याभरात राजाचे पोट सुटले. शेळ्यांमागे जाताना तो धापा टाकू लागला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "भाकरी कमी करा आणि पळवा." हसलो आपण, त्रास झाला राजाला.

काहीजण म्हणतात, मग त्याला सशामागे सोडा. ते मला पटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला बंदी आहे. पण म्हणून त्याला दिवसभर साखळीला बांधणेही बरोबर नाही. माळावर रोज पळू द्यावे.

कर्नाटकात ह्याच जातीला मुधोळ कुत्रा म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. तिकिटावर शोभतो, मग आपल्या दारात का शोभू नये?

पुढच्या सभेला राजा येईल. त्याला हसू नका. आणि आजीला एकदा तरी म्हणा, "म्हातारे, कुत्रं झकास ठेवलंयस!"

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी