वर्षे वाढली, वर्ग तोच

आपल्या घरांतल्या कितीतरी मुली आज डी.एल.एड., बी.एड. करून शिक्षिका होतात. घरच्यांना त्याचा आनंद होतो आणि तो रास्तच आहे. पण या मुलींना 'शिकवायला' कसे शिकवतात, याची चौकशी फारशी होत नाही.

२०१२ साली न्यायमूर्ती वर्मा आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणातील उणिवांवर बोट ठेवले. त्यानंतर २०१४ ची नवी नियमावली आली आणि २०१५ पासून बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचे झाले. किमान २० आठवडे शाळेत आंतरवासिता आली. हेतू चांगला होता. सराव पाठ उरकून परतण्यापेक्षा भावी शिक्षिकेने शाळेत राहावे, मुलांना ओळखावे, मूल कुठे अडते ते पाहावे.

मग अडते कुठे? गटकार्याचे महत्त्वही पुष्कळदा व्याख्यान देऊनच सांगितले जाते, कारण सांगणारे स्वतः तसेच शिकलेले असतात. गुण बहुधा टाचणांच्या फाइलीला मिळतात, मुलांना काय समजले याला नाही. शाळेला पोर्शन संपवायचा असतो. म्हणून आलेल्या छात्राध्यापिकेला रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला बसवतात किंवा पेपर तपासायला देतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला तर संदर्भपुस्तके शोधण्यापासूनच झगडावे लागते.

आणि एक अडथळा घराच्या उंबरठ्यावरही असतो. एखादी तरुण शिक्षिका मुलांना चिंचोक्यांनी बेरीज शिकवते, अंगणात नेऊन झाडांची पाने गोळा करायला लावते, तेव्हा पालक विचारतात, "वही कोरी का?" दोन-चार तक्रारी आल्या की मुख्याध्यापक तिला बोलावतात आणि ती पुन्हा फळ्यावरचे उतरवून द्यायला लागते. दोन वर्षांचे शिक्षण तिथेच संपते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता व्हायची आहे.  नुसती वर्षे वाढवून वर्ग बदलत नाही, हे एकदा दिसले आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मुलीला प्रवेश घेण्यापूर्वी फीबरोबर हेही विचारा: आंतरवासितेला कोणत्या शाळेत पाठवता? तिथे तिला स्वतःचा वर्ग मिळतो का? पाठ पाहून तिच्याशी बोलते कोण? आणि आपले मूल शाळेतून आले की वहीआधी त्याला विचारा, "आज काय समजले?"