लाल चांदणी काढा, खरं उत्तर मिळेल

सबमिशनचे दिवस आले की प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज पडतो, ‘प्लीज फॉर्म भरा ना, दोनच मिनिटं लागतील.’ उघडावा तर तीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे लाल चांदणी. एकही सोडला तर फॉर्म सबमिट होतच नाही. बनवणारा खूश, सगळ्या प्रश्नांना शंभर टक्के उत्तरं! पण ती खरी असतात का?

लोक प्रश्न सोडतात ते आळसाने, असं आपण म्हणून टाकतो. पण बऱ्याचदा दोष मांडणीचा असतो. घरचं उत्पन्न नेमक्या आकड्यात विचारलं की अनेकजण जागा कोरी ठेवतात. तेच ‘१ ते ३ लाख’ असे गट दिले की टिक करतात. ‘सविस्तर लिहा’ म्हटलं की रकाना रिकामा. मोठा तक्ता मोबाइलच्या स्क्रीनवर मावत नाही. मग काही ओळी सुटतात, नाहीतर वरपासून खालपर्यंत एकाच रांगेत टिक पडते.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली बघा. २१ पैकी २० प्रश्नांना नुसता पर्याय निवडायचा. तीन सूचना लिहायचा प्रश्न अगदी शेवटी. म्हणजे ‘लॅबमधले बंद कॉम्प्युटर दुरुस्त करा’ हे सांगायची जागा येते, तोवर आपण कंटाळलेलो असतो.

मग सक्ती करावी? अजिबात नको. सक्ती केली की कोऱ्या जागेत ‘नथिंग’, ‘ओके’ किंवा नुसतं एक टिंब येतं. कोरी जागा निदान प्रामाणिक असते. एकाच प्रश्नावर खूप जण अडले, तर तो फार खासगी आहे, कळत नाही किंवा त्यांचं उत्तर पर्यायांतच नाही, एवढा अंदाज तरी येतो. खोटी टिक मात्र खऱ्यांत मिसळून जाते. नंतर ती वेगळी काढणं कठीण. आणि अशाच आकड्यांवर उद्या लायब्ररीची वेळ नाहीतर हॉस्टेलची मेस ठरते.

म्हणून पुढचा फॉर्म बनवताना चांदणी अगदी गरजेच्या एक-दोन प्रश्नांनाच लावा. ‘लागू नाही’, ‘सांगायचं नाही’ हे पर्याय ठेवा. तक्त्याचे सुटे प्रश्न करा. लिहायचा प्रश्न एकच, आणि तोही लवकर विचारा. पाठवण्याआधी स्वतः मोबाइलवर भरून बघा. आणि कोणता प्रश्न किती जणांनी सोडला, हे रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहा. ‘एवढे ब्लँक का?’ असं सरांनी व्हायवात विचारलं, तर सांगण्यासारखं तुमच्याकडे खरंच काहीतरी असेल.