रविवारची पंगत



तुमच्यापैकी बरेच जण मंडळाच्या गणपतीला भेटतात, मी दर रविवारी इथल्या आमच्या देशी चर्चमध्ये. पण उपासना संपल्यावर आमच्याकडे जे टेबल लागतं ते पाहिलंत तर मंडळातच आल्यासारखं वाटेल. बिर्याणी, सामोसे, गुलाबजाम, कोकच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या. मुलांना संडे स्कूलमध्ये डोनट आधीच मिळालेले असतात. भाजी असते, पण ती बटाट्याची नाहीतर पनीरची.

माझं म्हणणं थोडक्यात असं: खाणं ही एकट्याच्या निग्रहाची गोष्ट नाही, ती पंगतीची सवय आहे. बदलायची तर पंगतीनेच बदलायला हवी, आणि चर्च ही त्यासाठी उत्तम जागा आहे.

हा हौसेचा प्रश्न नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी डायबेटिसच्या तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली, कारण आपल्याला हा आजार कमी वजनातही गाठतो. म्हणजे पाच फूट सात इंचाच्या माणसाने साधारण ६७ किलोपासूनच सावध व्हायचं. दिवसभर मॉनिटरसमोर बसणाऱ्या आपल्या जमातीने तर नक्कीच.

"चर्चने आत्म्याचं बघावं, पोटाचं कशाला?" असं आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातली दोन उदाहरणं.

पहिलं सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं. (पुणेकरांना औंध रोडवरचं स्पायसर कॉलेज आणि तिथली बेकरी आठवत असेल. ते याच पंथाचं.) यांच्यात शाकाहारावर भर, दारू-सिगरेट वर्ज्य. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कॅलिफोर्नियातले ॲडव्हेंटिस्ट पुरुष राज्यातल्या इतर पुरुषांपेक्षा सरासरी ७.३ वर्षं जास्त जगतात आणि स्त्रिया ४.४ वर्षं. याचं सगळं श्रेय जेवणाला देता येणार नाही, पण पिढ्यान् पिढ्या ही शिस्त टिकली ती सगळा समाज ती पाळतो म्हणून.

दुसरं सॅडलबॅक चर्चचं. २०११ साली तेव्हाचे पास्टर रिक वॉरन यांनी तिथे 'डॅनियल प्लॅन' सुरू केला. सुमारे १५,००० लोक सामील झाले आणि वर्षभरात सगळ्यांचं मिळून अडीच लाख पौंड वजन उतरलं, असं चर्चने जाहीर केलं. लोक लहान लहान गटांत भेटत, एकमेकांची विचारपूस करत. नाव बायबलमधल्या दानीएलावरून. त्याने बाबेलच्या राजाची पक्वान्नं नाकारून दहा दिवस शाकाहार आणि पाणी एवढ्यावर राहून दाखवलं. आता दानीएलाला काही वजन उतरवायचं नव्हतं, त्याचा प्रश्न श्रद्धेचा होता. पण तो एकटा नव्हता, तीन मित्र बरोबर होते. मला त्या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं.

मग आम्ही काय करावं? फार काही नाही:

१. टेबलावर कोशिंबीर आणि उसळ आधी, भात नंतर. भुकेला माणूस पहिल्यांदा समोर येईल तेच वाढून घेतो.
२. कोकच्या जागी पाणी आणि ताक.
३. वाढदिवसाचे केक महिन्यातून एकाच रविवारी, सगळ्यांचे मिळून.
४. मंडळीत डॉक्टर, नर्स आहेतच. तीन महिन्यांतून एकदा बीपी आणि शुगर तपासावी.

आणि एक पथ्य: कुणाच्या पोटावर शेरा मारायचा नाही. वजन म्हणजे श्रद्धेचं माप नव्हे. जाड माणसाला चर्चमध्ये ओशाळं वाटू लागलं तर तो यायचाच बंद होईल, मग कोशिंबीर कोणासाठी करायची?

"पाहुण्याला गोड नको का?" हवं ना! नाताळला करंज्या आणि केक हवेतच. सण आहे म्हणून तर गोडाला चव. पण आपण दर रविवारचा सण करून टाकलाय. उलट वर्षातून एक 'हेल्थ संडे' करून बाकीचे ५१ रविवार तेच चालू ठेवलं, तर ती 'एकादशी अन् दुप्पट खाशी'च झाली :-)

मंडळांनाही यातलं बरंच लागू पडेल. मुलं घरी काय ऐकतात यापेक्षा दहा काका-मावश्यांच्या ताटात काय बघतात, तेच शिकतात. तुमच्याकडे कुणी असं काही करून पाहिलं असेल तर जरूर लिहा.

चूभूद्याघ्या.