घर न मोडता दुरुस्ती

जुना लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकून तो मुलांच्या अभ्यासाला द्यावा, असे आम्ही नेहमी सांगतो. विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यानंतर तर हा सल्ला जास्तच उपयोगी झाला आहे. पैसे वाचतात आणि इस्राफही टळतो. पण काही काळाने पडद्यावर सूचना येते की, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. मग ओळखीचा एखादा मुलगा म्हणतो, "चाचा, सगळं पुसून नव्याने टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्याला हो म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा. घरातला संगणक एकट्याचा नसतो. त्यात शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले दाखले असतात, लग्नाचे फोटो असतात, अम्मीसाठी बसवलेला उर्दू कीबोर्ड आणि नस्तालीक फॉन्ट असतो. डिस्क पुसली की हे सारे जाते. प्रत्येकाची ही अमानत आहे.

त्याला पर्याय म्हणजे आहे त्याच जागी आवृत्ती वाढवणे. यात प्रणालीचे भाग एकेक करून बदलले जातात आणि आपले होम फोल्डर जागेवर राहते. खाती, फाइली आणि बहुतेक सेटिंग्ज तशाच राहतात. कुटुंबाला बाहेर न काढता घराच्या वाशांची दुरुस्ती करावी, तसे हे काम आहे.

उबुंटूचे उदाहरण घेऊ. २२.०४ म्हणजे २०२२ च्या एप्रिलमधली आवृत्ती. दीर्घकाळ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे घाई नको. नव्या आवृत्तीची पहिली सुधारित प्रत निघाल्यावरच जुन्या दीर्घकालीन आवृत्तीवाल्यांना सूचना दिली जाते. पायरीही गाळायची नाही. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, आधी २२.०४ वर यावे लागते.

उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्याला ठाऊकच आहे. इथे उंट बांधणे म्हणजे बॅकअप. सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहाव्यात. एकदा वर चढल्यावर मागच्या आवृत्तीवर सहज परतता येत नाही, म्हणून ही पायरी चुकवू नये.

त्यानंतर चालू आवृत्तीची सर्व अपडेट पूर्ण करावीत. डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे का ते पाहावे. चार्जर लावून ठेवावा. डाउनलोड मोठे असते, मोबाइलचा दिवसाचा डेटा त्यात संपू शकतो, म्हणून शक्यतो वायफाय वापरावे. सुट्टीच्या दिवशी, मुलांची परीक्षा नसताना सुरुवात करावी आणि काम चालू असताना संगणक बंद करू नये. मध्येच एखादी सेटिंगची फाइल जुनी ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न येतो. ती आपण स्वतः बदललेली असेल आणि नेमके कळत नसेल, तर जुनी ठेवणे बरे. बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत या काळात बंद केले जातात. ते नव्या आवृत्तीसाठी आहेत याची खात्री करूनच पुन्हा चालू करावेत. शेवटी संगणक पुन्हा सुरू करून प्रिंटर, आवाज, वायफाय आणि उर्दू टायपिंग तपासावे.

पुसून नव्याने टाकण्याचीही वेळ येते. प्रणाली आधीच बिघडलेली असेल किंवा डिस्क बदलायची असेल, तर तेच योग्य. फार जुन्या ३२-बिट संगणकावर मात्र उबुंटूच्या नव्या आवृत्त्या चालतच नाहीत, तिथे वेगळी लिनक्स शोधावी लागते.

हे काम नववी-दहावीच्या मुलामुलींना शेजारी बसवून करावे. बॅकअपची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी आणि घरातल्या प्रत्येकाला विचारायला लावावे, "तुमचं यात काय आहे?" दुसऱ्याची वस्तू जपण्याचा धडा त्यांना यातूनच मिळेल, इन्शाअल्लाह.