झाला का प्रोजेक्ट पूर्ण?

गेल्या शनिवारी उशिरा उठायचं, पोहे खायचे आणि दिवसभर लोळायचं असा भरगच्च कार्यक्रम ठरवला होता. साडेनऊला ताईचा फोन. "अरे, हिचा लीडरशिप प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय आणि पीपीटीचा पत्ता नाही. तू आयटीवाला ना, ये जरा." आयटीवाला म्हटलं की प्रिंटरपासून पीपीटीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात, हे तुम्हा मंडळींना काय सांगायचं!

भाची नववीत आहे, सीबीएसईला. त्यांच्याकडे २०१८ पासून नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या जोडीने 'सेवा' नावाचा एक भाग आहे. पूर्ण नाव सोशल एम्पॉवरमेंट थ्रू वर्क एज्युकेशन अँड अ‍ॅक्शन. (हे नाव ज्या कमिटीने ठरवलं तिच्यात नक्की एखादा प्रोजेक्ट मॅनेजर असणार.) मुलांनी आजूबाजूचं काहीतरी काम हातात घ्यायचं, ते करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. हिच्या शाळेने त्याचंच लीडरशिप प्रोजेक्ट असं बारसं केलंय.

चार मैत्रिणींनी विषय घेतला होता सोसायटीच्या टाकीचा. रोज सकाळी टाकी भरून वाहते, पाणी पाइपातून थेट गटारात. आधी त्यांनी काय केलं असेल? अर्थातच पोस्टर! पंपाच्या खोलीवर 'पाणी वाचवा', खाली निळा थेंब, थेंबाला डोळे. फरक शून्य. मग त्यातल्या एकीने रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली धरला. चोवीस सेकंदात भरला. म्हणजे मिनिटाला पन्नास लिटर. पाच दिवस घड्याळ लावून बसल्या, तर सरासरी बारा मिनिटं वाहत होतं. रोज सहाशे लिटर! आपल्याकडे शहरातल्या पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटरने करतात. त्या मापाने चौघांच्या घराला दिवसभर पुरून उरेल एवढं पाणी. हे ऐकून मी पोहे खायचा थांबलो. आमच्या ऑफिसात एवढा साधा, चोख आकडा काढायला दोन मीटिंगा लागतात.

पुढचं तर याहून भारी. त्या वॉचमनकाकांशी बोलल्या. काका साडेसहाला पंप लावतात आणि टाकी भरते सातच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी स्कूलबसेस येतात, दूधवाला, पेपरवाला, गाडी काढणारे. काका गेटवर, पंपाचा खटका बिल्डिंगच्या मागे. म्हणजे काका विसरत नव्हतेच, त्यांना गेट सोडून जाताच येत नव्हतं. मग या चौघींनी पाळ्या लावल्या. शाळेला जाण्याआधी एकीने खाली यायचं आणि खटका बंद करायचा. दोन आठवडे टाकी जवळजवळ वाहिलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात युनिट टेस्ट सुरू झाल्या, पाळ्या बंद पडल्या, आणि टाकी परत वाहायला लागली. फ्लोट स्विच बसवा, टाकी भरली की पंप आपोआप बंद होईल, असं पत्र त्यांनी सेक्रेटरीकाकांना दिलं. उत्तर मिळालं, "मीटिंगमध्ये घेऊ."

तर माझ्यापुढे तीन आठवड्यांचे आकडे होते. मी एक्सेल उघडलं, झकास ग्राफ काढला. बारा मिनिटांवरून शून्य, मग पुन्हा सुळकन वर. आणि मी अगदी सहज म्हणालो, "तिसरा आठवडा काढून टाकू. दोन आठवड्यांचाच ग्राफ छान दिसतोय."

"पण मामा, तिसऱ्या आठवड्यात परत वाहिली ना."

"अगं, खोटं कुठे लिहितोय? एवढंच दाखवायचं."

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ताई किचनमधून ओरडली, "मामा सांगतोय तसं कर गं, मार्कांचा प्रश्न आहे!"

खरं सांगतो, मला लाज वाटली. कारण ही ट्रिक मी ऑफिसात वापरलेली आहे. एका रिलीजच्या डेमोत जे चालत होतं तेवढंच क्लायंटला दाखवलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. टाळ्या पडल्या. पुढे महिनाभर रात्री-बेरात्री सपोर्टचे फोन आले, आणि ते उचलणारा होता आमच्या टीममधला नवा पोरगा. तो त्या डेमोला नव्हताही.

आणि हे शिकलो कुठे? ज्युनियर कॉलेजात! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. हेतू केवढा मोठा! आमच्यापर्यंत तो पोचला तोवर त्याची फाईल झाली होती. सीनियरची फाईल घ्यायची, नाव आणि वर्ष बदलायचं, स्पायरल बाइंडिंग मारायचं. नदी न बघता नदीच्या प्रदूषणावर वीस पानं लिहिलीत मी. सबमिट झालं म्हणजे पूर्ण झालं, ही व्याख्या तेव्हा जी डोक्यात बसली ती बसलीच.

अहमदाबादच्या रिव्हरसाइड स्कूलच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' सुरू केलं. त्यात मुलांसाठी चार पायऱ्या आहेत: जाणवणं, कल्पना करणं, करणं आणि इतरांना सांगणं. आपण पालक आणि मामा-काका मंडळी थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि तिथे पीपीटीला अ‍ॅनिमेशन लावत बसतो.

माझं स्पष्ट मत आहे की त्या तिसऱ्या आठवड्यालाच सगळ्यात जास्त मार्क असायला हवेत. आम्ही होतो तोवर थांबलं, आम्ही हटलो आणि पुन्हा सुरू झालं, हे चौदाव्या वर्षी आकड्यांसकट कळणं म्हणजे केवढी गोष्ट आहे! आमच्याकडे मॅनेजर झालेल्या माणसांनाही ते कळलेलं नसतं. शाळांनी फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवावेत: काय जमलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार. बक्षीस द्यायचंच तर त्या दोन रकान्यांना द्या. नाहीतर तिसरा आठवडा झाकायचा हे मुलं आपोआप शिकतील. शिकवायला मामा आहेतच.

असो. ग्राफ तिने पूर्णच ठेवला. खाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं, "पाळ्या लावणे हा कायमचा उपाय नाही. फ्लोट स्विचचा विषय मीटिंगमध्ये येईपर्यंत आम्ही विचारत राहू." मी फक्त शुद्धलेखन तपासलं, आणि अ‍ॅनिमेशन काढून टाकलं.

बुधवारी बी ग्रेड आली. शेरा होता, "निष्कर्ष अधिक सकारात्मक हवा." ताई वैतागली, माझ्यावर. भाचीचंही तोंड जरा उतरलेलं होतं, नाही म्हणणार नाही.

काल रात्री त्यांच्याकडेच राहिलो होतो. सकाळी सातला मागच्या बाजूने धो धो आवाज आला. ही ब्रश तोंडात धरून जिना उतरत होती, हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच. मीटिंग पुढच्या रविवारी आहे.